ऊन वाढवले, तरी लाल शैवालातले संरक्षक घटक का घटले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही टाक्यांमध्ये ग्रॅसिलारिया हे लाल समुद्री शैवाल वाढवता. अतिनील किरण शोषणारी संयुगे जास्त मिळावीत म्हणून वरची सावलीची जाळी काढली आणि पूर्ण ऊन दिले. काही आठवड्यांत शैवाल पिवळट, पेंढ्याच्या रंगाचे झाले आणि प्रयोगशाळेच्या अहवालात ही संयुगे वाढण्याऐवजी घटलेली दिसली. आता जाळी परत घालायची, की खत वाढवायचे?

माझे उत्तर: खत आधी, जाळी तात्पुरती परत, आणि त्या अहवालावर इतक्यात विश्वास ठेवू नका. तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत.

आपण ज्या संयुगांबद्दल बोलतो आहोत ती म्हणजे मायकोस्पोरीनसदृश अमिनो आम्ले, यापुढे एमएए. रंगहीन, पाण्यात सहज विरघळणारी, ४०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) लहान रेणूंची ही मंडळी साधारण ३१० ते ३६० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण शोषतात आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतात. पॅलिथीन ३२० नॅनोमीटरला सर्वाधिक शोषते, अस्टेरिना-३३० तिच्या नावातल्या आकड्याला, शिनोरिन आणि पोर्फायरा-३३४ या दोन्ही ३३४ ला. लाल शैवालात हीच नावे पुन्हापुन्हा भेटतात. शोषण्याचे काम करताना रेणू स्वतः फारसा मोडत नाही, म्हणून सौंदर्यप्रसाधनवाल्यांनाही त्यांच्यात रस आहे.

यांच्या घडणीतली एक गोष्ट तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. चार-डीऑक्सीगॅड्युसॉल नावाच्या गाभ्याला ग्लायसीन जोडले की मायकोस्पोरीन-ग्लायसीन होते. त्याला सेरीन जोडले की शिनोरिन, थ्रिओनीन जोडले की पोर्फायरा-३३४. म्हणजे प्रत्येक पायरीला एक अमिनो आम्ल लागते, आणि अमिनो आम्ल म्हणजे नत्र. ऊन फक्त ऑर्डर देते, माल नत्राने पुरवायचा असतो. तुमच्या टाकीत ऑर्डर भरपूर गेली आणि गोदाम रिकामे होते, असे मला वाटते.

इथे एक साधा हिशेब करून पाहा, कारण तो थोडा चकवणारा आहे. शिनोरिनच्या रेणूत नत्राचे दोन अणू असतात, वजनाने सुमारे ८.४ टक्के. समजा एक ग्रॅम कोरड्या शैवालात १० मिलिग्रॅम शिनोरिन आहे, जे प्रमाण भरपूरच म्हणावे लागेल. त्यात नत्र जेमतेम ०.८४ मिलिग्रॅम. त्याच ग्रॅममध्ये एकूण नत्र ३ टक्के धरले तर ३० मिलिग्रॅम. म्हणजे संरक्षणावर एकूण नत्राच्या तीन टक्क्यांहूनही कमी खर्च. मग नत्र कमी पडले की एवढ्याशा खर्चालाच कात्री का लागते? माझ्या समजुतीनुसार अडचण एकूण साठ्याची नसून मोकळ्या अमिनो आम्लांची आहे. बहुतेक नत्र प्रथिनांत बांधलेले असते, आणि उपाशी पेशीत ग्लुटामिन, सेरीन यांचा मोकळा साठा सर्वांत आधी आटतो. एमएए त्याच मोकळ्या साठ्यातून घडतात.

तुम्हाला दिसलेला पिवळटपणा हीच कथा दुसऱ्या टोकाने सांगतो. लाल शैवालाचा लाल रंग फायकोएरिथ्रिन या प्रथिनाचा. प्रकाश गोळा करणे हे त्याचे मुख्य काम, पण अडचणीच्या वेळी तेच नत्राची ठेवही ठरते. नत्र मिळेनासे झाले की शैवाल हे प्रथिन मोडून खाते आणि खालचा हिरवा-पिवळा रंग उघडा पडतो. गोंधळ असा, की भरपूर उन्हातही फायकोएरिथ्रिन कमी होते, कारण तेव्हा प्रकाश गोळा करणाऱ्या इतक्या यंत्रणेची गरजच नसते. म्हणून नुसत्या रंगावरून ‘ऊन जास्त झाले’ की ‘नत्र कमी पडले’ हे ठरवता येत नाही. ठरवायचे असेल तर ऊतीतले कार्बन आणि नत्र मोजून घ्या. ग्रॅसिलारियात कोरड्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास नत्र आले की वाढ अडायला लागते. कार्बन-नत्र गुणोत्तर १५ च्या वर गेले की मी संशय घेतो, २० च्या वर गेले की संशयाला जागा राहत नाही. ते मोजणे शक्य नसेल तर मूठभर शैवाल वेगळ्या बादलीत त्याच उन्हात ठेवा आणि त्याला अमोनियम द्या. चार-पाच दिवसांत रंग परतू लागला तर दोष उन्हाचा नव्हता.

आता अहवालाबद्दल, कारण मला यात सर्वांत मोठी गफलत दिसते. तुमचे आकडे मिलिग्रॅम प्रति ग्रॅम कोरडे वजन असे आहेत. नत्राविना ऊन मिळालेले शैवाल प्रकाशसंश्लेषण थांबवत नाही. कार्बन येतच राहतो, पण त्याची प्रथिने करता येत नाहीत, म्हणून तो फ्लोरिडियन स्टार्च (लाल शैवालाचा साठवणीचा पिष्टपदार्थ) आणि पेशीभित्तिकेतल्या अगार-कॅराजीनान या चिकट कर्बोदकांमध्ये जातो. आयरिश मॉस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॉन्ड्रस क्रिस्पसमध्ये नत्र तोडल्यावर कॅराजीनान वाढते हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे आणि काही उत्पादक त्याचा मुद्दाम फायदा घेतात. आता समजा तुमच्या शैवालात ग्रॅममागे ८ मिलिग्रॅम एमएए होते, आणि त्या काळात एकही रेणू नष्ट न होता नुसत्या कर्बोदकांमुळे कोरडे वजन दुप्पट झाले. अहवाल ४ मिलिग्रॅम दाखवेल. घट झालीच नाही, भाजक फुगला. उलटही होते: खत दिल्यावर शैवालाची कर्बोदके खर्च होतात आणि आकडा आपोआप चढतो. म्हणून जोडीला टाकीतले एकूण कोरडे वजन नोंदवा आणि एमएएचे एकूण उत्पादन काढा, प्रति टाकी किंवा प्रति चौरस मीटर. विकणाऱ्याला प्रति ग्रॅम आकडा लागतो हे मान्य, पण शैवालाच्या आत काय चालले आहे ते त्या एकट्या आकड्यावरून कळत नाही. ऊन आणि खताच्या परिणामांवरचे परस्परविरोधी दावे वाचताना मी आधी हेच पाहतो, की मोजणी कशाच्या तुलनेत केली आहे.

मग उन्हाची भूमिका काय? ती आहे, आणि मोठी आहे, पण ‘जास्त ऊन म्हणजे जास्त एमएए’ इतकी सरळ नाही. पहिली गोष्ट, इशारा कुठल्या किरणांचा आहे. संयुगे अतिनीलपासून वाचवतात म्हणजे अतिनील-बी, म्हणजे कमी तरंगलांबीचा जास्त घातक भाग, हाच इशारा असणार असे वाटते. कॉन्ड्रस क्रिस्पसवरच्या प्रयोगांत मात्र निळा प्रकाश आणि अतिनील-ए (निळ्या-जांभळ्याला लागून असलेला सौम्य भाग) हे प्रभावी संकेत ठरले, आणि तरंगलांबीनुसार कोणते एमएए किती बनते तेही बदलले. म्हणजे शैवाल हानी होण्याची वाट पाहत नाही. उन्हाच्या तडाख्यासोबत नेहमी येणारा निळा आणि जवळचा अतिनील प्रकाश पाहून तयारी करते. तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की अतिनील-बीचे दिवे विकत घेण्याची गरज नाही. त्यांनी एमएएपेक्षा डीएनएची हानी जास्त होईल.

दुसरी गोष्ट, टाकीवर काय झाकले आहे. काळी किंवा पांढरी विणलेली जाळी सगळ्या तरंगलांबी जवळपास सारख्याच कापते. पॉलिकार्बोनेटचे पत्रे मात्र दिसणारा प्रकाश उत्तम येऊ देतात आणि अतिनील जवळजवळ पूर्ण अडवतात. साधी काच अतिनील-बी अडवते, अतिनील-एचा बराच भाग सोडते. पत्र्याखाली टाकी झगझगीत उजळलेली दिसते आणि एमएए खाली का राहतात म्हणून लोक डोके खाजवत बसतात. पाणीही तेच करते. माशांच्या टाक्यांचे सांडपाणी वापरत असाल तर त्यात अमोनियम मुबलक मिळते, पण ते पाणी बहुधा चहाच्या पातळ रंगाचे असते, आणि विरघळलेले ते सेंद्रिय पदार्थ नेमके अतिनील आणि निळाच प्रकाश गिळतात. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाते. तरीही मी सांडपाणीच निवडेन, टाकी उथळ ठेवून.

तिसरी गोष्ट घनतेची. हवेने ढवळणाऱ्या टाकीत प्रत्येक फांदी काही क्षण वर येते आणि बराच वेळ इतरांच्या सावलीत फिरते. टाकी खच्चून भरली असेल तर वर २००० मायक्रोमोलचे (दर चौरस मीटरला दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण), म्हणजे भर दुपारचे, ऊन असले तरी सरासरी फांदीला त्याचा लहानसा वाटाच मिळतो. त्यामुळे जाळी काढून जे साधत नाही ते कधीकधी अर्धे शैवाल काढून साधते. मात्र विरळ केलेल्या टाकीत ऊन वाढते तशी नत्राची भूकही वाढते, हे धरूनच खताचा हिशेब करा.

प्रजाती हा मुद्दा खरे तर सर्वांच्या आधीचा आहे. एमएएच्या बाबतीत लाल शैवालांचे ढोबळ तीन गट पडतात. खोल, अंधाऱ्या पाण्यातल्या कित्येक प्रजाती ही संयुगे बनवतच नाहीत. त्यांना ऊन द्या, खत द्या, काहीही होणार नाही, फक्त त्या मरतील. दुसऱ्या टोकाला भरती-ओहोटीच्या वरच्या पट्ट्यात राहणारी पोर्फायरा आणि तिची भावंडे: त्यांचा साठा कायम मोठा, कोरड्या वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास जाणारा, आणि परिस्थितीने फारसा न हलणारा. मधला गट हा लवचिक. कॉन्ड्रस, पाल्मेरिया, आणि तुमची ग्रॅसिलारियाही बऱ्याच अंशी इथे बसते. खोलीवरून उथळ पाण्यात आणून लावले की या गटातल्या शैवालात एमएए वाढतात, हे ध्रुवीय समुद्रातल्या प्रजातींवरही दिसले आहे. ऊन-खताचे सगळे डावपेच या मधल्या गटासाठीच आहेत. ग्रॅसिलारियाकडून पोर्फायराएवढ्या आकड्याची अपेक्षा ठेवून आराखडा केला असेल तर तो आत्ताच बदला.

पोर्फायरातही नत्राचा परिणाम दिसतो, हे मात्र सांगायला हवे. पॅटागोनियातल्या पोर्फायरा कोलंबिनावरचे २००४ सालचे काम या विषयात वारंवार उद्धृत होते. तिथे अमोनियम आणि अतिनील हे दोन्ही एमएएचा साठा वाढवतात असे दिसले. नंतर ग्रॅसिलारिया आणि तिच्या जवळच्या प्रजातींवर, तसेच माशांच्या सांडपाण्यात वाढवलेल्या शैवालांवर झालेल्या कामांचा कलही तोच: नत्र असेल तर उन्हाला प्रतिसाद मिळतो, नसेल तर ऊन नुसते भाजते.

खत कोणते? जमले तर अमोनियम. नायट्रेट पेशीत शिरल्यावर त्याचे अमोनियम करायला आठ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात; अमोनियम थेट ग्लुटामिनमध्ये जाते. भर उन्हात पेशीकडे ऊर्जेची टंचाई नसते, त्यामुळे नायट्रेटनेही काम होते, पण प्रतिसाद उशिरा येतो. अमोनियमचा धोका पीएचशी बांधलेला आहे. दाट टाकीत दुपारी कार्बन डायऑक्साइड संपतो आणि पीएच सहज ९ च्या पुढे जातो. पीएच ८ ला एकूण अमोनियमचा साधारण विसावा भाग मुक्त अमोनियाच्या रूपात असतो, पीएच ९ ला जवळपास तिसरा. हा मुक्त अमोनिया विषारी. म्हणून अमोनियम सकाळी उजाडण्यापूर्वी किंवा संध्याकाळनंतर द्यावे, दुपारी कधीही नाही. मी तरी रोज थोडे देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी एकदम मोठा घास रात्री देणे पसंत करतो. ग्रॅसिलारिया तो पटकन शोषून साठवते, आणि नंतरचे दिवस पाण्यात नत्र नसल्याने तिच्यावर चढणारी हिरवी उल्व्हा आणि तपकिरी तंतुशैवाले उपाशी राहतात. अशा शैवालांकडे साठवण कमी आणि वाढीची घाई जास्त असते.

स्फुरदाबद्दल थोडक्यात: मोठ्या समुद्री शैवालांत कार्बन, नत्र, स्फुरदाचे मध्यम गुणोत्तर ५५०:३०:१ च्या जवळ असते, म्हणजे सूक्ष्म प्लवकांपेक्षा स्फुरदाची गरज बरीच कमी. नत्र-स्फुरद ३०:१ च्या आसपास राखले की पुरे. एमएए वाढवण्यासाठी स्फुरद ओतणाऱ्यांना मी फक्त उल्व्हाचे चांगले पीक घेताना पाहिले आहे.

आता तुमच्या टाक्यांसाठी क्रम. जाळी परत घाला, साधारण निम्मे ऊन कापणारी. नत्र सुरू करा आणि रंग गडद होईपर्यंत थांबा. यात एखादा आठवडा जाईल. गडद शैवाल हाती आले की घनता कमी करा आणि जाळी एकदम न काढता टप्प्याटप्प्याने उघडा: आधी सकाळ-संध्याकाळ, मग दुपारही. या काळात नत्र चालूच राहिले पाहिजे. बहुतेक लोक नेमके इथेच खत थांबवतात, कारण शैवाल ‘आता छान दिसतेय’. एमएए जमायला दिवस लागतात, तास नव्हे, आणि लवचिक प्रजातींत एक-दोन आठवड्यांत पातळी स्थिरावते. त्यानंतर उन्हात ठेवून काही मिळत नाही. पातळी चढती की स्थिर हे पाहायला दर तीन दिवसांनी एक छोटा नमुना काढा.

ऊन झेपते आहे का, हे पाहण्यासाठी क्लोरोफिल-फ्लुरोमीटर (प्रकाशसंश्लेषणाची तब्येत मोजणारे उपकरण) मिळाला तर उत्तम. लाल शैवालात अंधारात ठेवून मोजलेली कमाल प्रकाश-कार्यक्षमता ०.५ ते ०.६५ च्या दरम्यान असली म्हणजे तब्येत ठीक; जमिनीवरच्या झाडांच्या ०.८ शी तुलना करून घाबरू नका, यंत्रणाच वेगळी आहे. दुपारी आकडा पडणारच. संध्याकाळी तो परत वर येतो का, एवढेच पाहायचे. सलग दोन संध्याकाळी आला नाही तर एक टप्पा मागे जा.

तुम्ही ‘संरक्षक घटक’ असा व्यापक शब्द वापरला आहे, म्हणून एक सावधगिरी. वरचे सगळे एमएएला लागू आहे, इतरांना तसेच्या तसे नाही. ल्युटीन, झिआझँथिन, बीटा-कॅरोटीन या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांत नत्र नसते, पण ही द्रव्ये प्रकाशसंश्लेषणाच्या प्रथिनांसोबत बसलेली असतात, म्हणून उपासमारीत तीही घटतात. क्लोरोफिलच्या तुलनेत मात्र त्यांचा वाटा वाढू शकतो. अ‍ॅस्पॅरागॉप्सिस या दुसऱ्या लाल शैवालातले ब्रोमोफॉर्मसारखे हॅलोजनयुक्त पदार्थ तर वेगळ्याच कारखान्यातले: त्यांना ब्रोमाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लागते, ब्रोमाइड काढून घेतले तर हे पदार्थ साठवणाऱ्या ग्रंथीपेशी रिकाम्या राहतात. त्यांचा शत्रूही ऊन नाही, तर जंतू आणि चरणारे प्राणी आहेत. ‘ताण दिला की सगळी संरक्षक द्रव्ये वाढतात’ हे सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. कार्बनवर चालणारे संरक्षण आणि नत्रावर चालणारे संरक्षण एकाच उपासमारीला उलटसुलट प्रतिसाद देऊ शकतात. एमएएमध्येही फरक आहे: मायकोस्पोरीन-ग्लायसीन चांगले अँटिऑक्सिडंट आहे, शिनोरिन आणि पोर्फायरा-३३४ हे मुख्यतः किरण अडवणारे. तुमच्या ग्राहकाला यातले नक्की काय हवे आहे ते विचारून घ्या, कारण ‘एकूण एमएए’ हा आकडा ही सगळी बेरीज एकत्र करतो.

शेवटी मोजणी आणि काढणी. नमुने दिवसाच्या एकाच वेळी काढा, थंड कोरड्या जागी सिलिका जेलवर वाळवा. काढण्याची रूढ पद्धत २० ते २५ टक्के मिथेनॉलमध्ये ४५ अंशांवर दोन तास ही आहे, त्यानंतर एचपीएलसी, म्हणजे संयुगे एकेक वेगळी करून मोजणारे यंत्र. तेवढी सोय नसेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३३४ नॅनोमीटरचे शिखर पाहून टाक्यांची आपसात तुलना करता येते. खऱ्या आकड्यासाठी ते पुरेसे नाही, कारण ३२० आणि ३३४ चे डोंगर एकमेकांत मिसळतात. काढणीनंतर मीठ घालवायला शैवाल गोड्या पाण्यात भिजत ठेवण्याची सवय असेल तर ती सोडा. गोड्या पाण्याने पेशी फुगून फुटतात आणि पाण्यात विरघळणारी ही संयुगे त्यांच्यासोबत निघून जातात. समुद्राच्या स्वच्छ पाण्यात खळबळून काढा, हवे तर गोड्या पाण्याचा एक झटपट हात द्या, आणि ओले ढीग रचून न ठेवता लगेच पातळ थरात वाळत घाला. पुढच्या अहवालासोबत एकूण कोरडे वजन आणि ऊतीतले नत्र हे दोन आकडे पाठवलेत, तर नेमके काय बदलायचे ते सांगता येईल.